नव्याने ढग बघणाऱ्यासाठी

इंदुरात सुरुवात करायची तर मेअखेर धर. भर आषाढात आभाळ बहुतेक वेळ एकसारखं राखाडी असतं, नवख्याला त्यात काही हाती लागत नाही. मे-जूनच्या दुपारी मात्र क्युम्युलस, म्हणजे कापसाच्या ढिगासारखे ढग, डोळ्यांदेखत वर चढतात. तळ सपाट, कारण साधारण त्याच उंचीवर वाफेचे थेंब व्हायला लागतात. दहा-पंधरा मिनिटं एकाच ढगावर नजर ठेव. माथ्याच्या कडा रेखीव आहेत तोवर तो वाढतोय. त्या विसकटून तंतुमय झाल्या आणि माथा ऐरणीसारखा पसरला, की वर बर्फ झालं समज. इतकं देखणं दृश्य दुसरं नाही! पण गडगडाट ऐकू आला की गच्ची सोडायची, तिथे हट्ट नको.

नावांचं दडपण घेऊ नकोस. ल्यूक हॉवर्ड या इंग्रज हवामान अभ्यासकांनी १८०२ मध्ये केलेले मुख्य प्रकार तीनच: सिरस (उंचावरचे तंतुमय), क्युम्युलस, स्ट्रेटस (पसरट थरासारखे). एवढ्यावर पहिला पावसाळा सहज निघतो.

संध्याकाळी बिजासन टेकडीवर जा. शहरातल्या इमारतींमागे क्षितिज दिसतच नाही. वहीत वेळ, दिशा आणि पुढे काय झालं ते लिही. मोबाईलमधल्या फोटोंपेक्षा ती नोंद जास्त शिकवते, असं माझं ठाम मत आहे.

श्रावणात उघडीप मिळाली तर ढगांची चाल बघ: खालचे पश्चिमेकडून येतात, अगदी उंचावरचे पूर्वेकडून. एकाच आभाळात दोन उलटे वारे! ते पहिल्यांदा दिसलं की मला नक्की सांग.