पोहता येत नाही, तर सागरी फील्डवर्कला जावं का? आणि दिवसभर तिथे करतात काय?

तुम्ही बडोद्याला एम.एस्सी. करताय, ओखामंडळच्या (गुजरातचा द्वारका-ओखा भाग) किनाऱ्यावर पहिल्यांदाच नेणार आहेत आणि पोहता येत नाही म्हणून धास्ती वाटतेय. काही अडत नाही. ओहोटीला उघडा पडलेला खडक आपण चालत तुडवायचा असतो, घोट्याएवढ्या पाण्यात, फार तर गुडघाभर. मी विद्यार्थ्यांबरोबर सात-आठदा गेलोय आणि मलाही पोहता येत नाही. आम्हा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्यांचा समुद्र म्हणजे सूरसागर तलाव!

भीती बाळगायचीच तर भरतीच्या वेळेची बाळगा. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी सगळ्यात लांब जातं, म्हणून सहलीची तारीख पौर्णिमा-अमावास्या बघून धरतात. मागच्या खेपेला ओहोटी सातच्या सुमारास होती, म्हणजे डिसेंबरच्या अंधारात, बिनचहाचं साडेपाचला निघणं. दुसऱ्या दिवशी तीच जवळजवळ तासभर उशिरा. पाणी फिरलं की हातातलं काम टाकून परतायचं, कारण ते नेहमी समोरूनच येतं असं नाही. आपल्या पाठीमागची घळ आधी भरते.

काम म्हणाल तर खडकावरच्या जीवांची मोजणी. पन्नास मीटरची टेप अंथरायची आणि दर पाच मीटरवर पीव्हीसी पाइपची अर्ध्या मीटरची चौकट ठेवून आतलं सगळं लिहायचं. पेन्सिलीनेच. पहिल्या वर्षी मी जेलपेन नेलं होतं, एका लाटेच्या शिंतोड्यात अख्खी सकाळ निळी झाली.

गेल्या वेळी एक मुलगी वैतागून म्हणाली, "सर, आमच्या चौकटीत काहीच नाही, नुसता दगड." म्हटलं, दहा मिनिटं उकिडवी बस आणि सावली पाडू नकोस. आधी दोन शंख चालायला लागले. आत खेकडे होते. मग शिंपल्यांचा चुरा अंगाला चिकटवून बसलेला एक तपकिरी गोळा हळूहळू उमलला, ते समुद्रफूल. कडेचा दगड तिने उचलला तर खाली एका ठिसूळताऱ्याचा (ब्रिटल स्टार, तारामाशाचा भाऊबंद) काटेरी हात सरसर अंधारात शिरला. तिच्या कागदावर एक्केचाळीस नोंदी झाल्या. दगड मात्र होता तसाच परत ठेवायचा, नाहीतर खालचे जीव उन्हात भाजतात आणि वरचे खाली गुदमरतात.

आठवण म्हणून पोवळं किंवा समुद्रकाकडी (नाव काकडीचं, पण प्राणीच) उचलू नका, वन्यजीव कायद्याने बंदी आहे. फोटो काढा.

आणि आपण परक्या मुलखात जातोय असं वाटून घेऊ नका. ओखामंडळ बडोदा संस्थानातलंच. तिथल्या सागरी जीवांचा अहवाल बडोदा सरकारने प्राणिशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेलकडून करून घेतला होता, पहिला भाग १९०९चा, दुसरा १९१६चा. जाण्याआधी चाळा.

जुने, बंद, जाड तळव्याचे बूट घाला. चपला नकोत, कालवांची कड ब्लेडसारखी कापते. कोरडे मोजे वेगळ्या पिशवीत.

संध्याकाळी केंद्रावर आकडे भरताना भांडण होतंच: अर्धा चौकटीत, अर्धा बाहेर असलेला प्राणी मोजायचा का? आमच्या दोन गटांनी दोन तऱ्हेने मोजलं होतं, सगळं पुन्हा तपासावं लागलं. चौकटीच्या कुठल्याही दोन लगतच्या बाजूंवरचे घ्यायचे, उरलेल्या दोन बाजूंवरचे सोडायचे, हे गाडीतच ठरवून टाका.