आई-बाबांना घेऊन बीजिंगला जातोय. एका दिवसासाठी खासगी गाईड आणि गाडी घेतली तर फॉरबिडन सिटी, टेंपल ऑफ हेवन आणि ग्रेट वॉल होईल का? पैसे वसूल होतात का?

तिन्ही होणार नाहीत. गाईड मात्र घ्या.

इथेच थांबले असते, पण 'पैसे वसूल' वाचलं आणि आमचा दादा डोळ्यांपुढे उभा राहिला. 2019 च्या एप्रिलमध्ये मी आईला घेऊन बीजिंगला गेले होते. तेव्हापासून कुणाच्याही लग्नात, बारशात दादा आमची ओळख एकाच वाक्यात करून देतो, "ह्या दोघी चीनला जाऊन भिंत न बघता आल्या." लोक हसतात. आईसुद्धा हसते. मला अजून हसू आलेलं नाही.

दादा आमच्या दोन वर्षं आधी ग्रुप टूरने गेला होता. सात दिवस, तीन शहरं, रोज रात्री वरण-भात. बादालिंगच्या भिंतीवर टोपी घालून काढलेला फोटो त्याने हॉलमध्ये लावलाय. ही भिंत चंद्रावरून दिसते असं पाहुण्यांना आजही सांगतो. 2003 मध्ये चीनचा पहिला अंतराळवीर यांग लीवेई वर जाऊन आला आणि मला भिंत काही दिसली नाही म्हणाला. तोही चंद्रावर नव्हता, पृथ्वीभोवतीच फिरत होता. पण दादाला कोण सांगणार?

आमचाही बेत तुमच्यासारखाच होता. सकाळी तिआनआनमेन चौक आणि फॉरबिडन सिटी, दुपारी ग्रेट वॉलचा मुतिआनयूचा भाग. गाडी, ड्रायव्हर आणि इंग्रजी बोलणारी गाईड, दोघींचे मिळून 1,400 युआन, म्हणजे तेव्हाचे 14,000 रुपयांच्या वर. आई 68 वर्षांची, दोन्ही गुडघे बोलणारे. गाईड सव्विसेक वर्षांची चुणचुणीत पोरगी होती. ती इंग्रजीत सांगायची, मी आईला मराठीत, आणि आईचे प्रश्न उलट दिशेने जायचे. आई जन्मभर प्राथमिक शिक्षिका होती, त्यामुळे प्रश्न भरपूर.

गाडीत बसतानाच गाईडने विचारलं, इंडियात कुठून? मी मुंबई सांगणार, तेवढ्यात आई म्हणाली, सोलापूर. पोरीला काही बोध होईना. आई म्हणाली, "कोटणीसांचं नाव सांग." डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे. 1938 मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यातले, आणि 1942 मध्ये तिथेच वारले. तरीही पोरीला कळेना. मग आईने सोलापूरच्या स्मारकात वाचलेलं त्यांचं चिनी नाव सांगितलं, "के दीहुआ." पुढे बसलेल्या पन्नाशीच्या ड्रायव्हरने मान वळवून आईकडे असं पाहिलं, जणू ती कोटणीसांची सख्खी बहीण. तो हबेई प्रांतातला होता, आणि कोटणीसांची समाधी तिथेच, शिजियाझुआंगला आहे. दिवसभर तो आईसाठी दार उघडून उभा राहत होता. दादाच्या पन्नास जणांच्या बसमध्ये हे झालं असतं का, मला माहीत नाही. म्हणजे, माहीत आहे.

आता राजवाडा, म्हणजे फॉरबिडन सिटी. योंगल बादशहाने 1406 मध्ये काम सुरू करून 1420 मध्ये पुरं केलं. मिंग आणि चिंग घराण्यांचे मिळून 24 बादशहा इथे राहिले. दक्षिण-उत्तर जवळजवळ एक किलोमीटर, आणि पुढच्या चौकांत सावलीला झाड नाही. गाईडशिवाय गेलात तर एकामागून एक पिवळी छपरं आणि लाल भिंती दिसतील. तिसऱ्या चौकात बाबा बसायला जागा शोधतील, पाचव्या चौकात तुम्ही बाहेर पडायचं दार. मोठ्या दालनांत आत जाऊ देत नाहीत. दारातून डोकवायचं, तेही माणसांच्या खांद्यांवरून. सांगणारं कुणी असेल तरच कळतं की छपराच्या कोपऱ्यावर रांगेने बसलेले प्राणी मोजायचे असतात. जितके जास्त, तितका त्या इमारतीचा मान मोठा. ताइहे या मुख्य दालनावर दहा आहेत. आईने दोनदा मोजले.

मग तिने तिचा प्रश्न विचारला, "सगळं लाकडाचं, मग जळलं कसं नाही?" शनिवारवाडा 1828 च्या आगीत गेला आणि दगडी तट तेवढा उरला, हे तिने चाळीस वर्षं वर्गात शिकवलेलं. गाईड खूश झाली. म्हणाली, जळलं ना. बांधून वर्ष होतंय तोवर, 1421 मध्ये, वीज पडून तिन्ही मुख्य दालनं गेली. मग तिने आम्हाला दालनाच्या कडेला ठेवलेल्या भल्यामोठ्या रांजणांकडे नेलं. धातूचे, आत पाणी, आग विझवायला. पण बीजिंगच्या हिवाळ्यात पाण्याचा दगड होतो, म्हणून रांजणाखाली निखारे ठेवत. काहींवर सोन्याचा मुलामा होता. आता त्यावर ओरखडे दिसतात, 1900 मध्ये परदेशी सैनिकांनी संगिनींनी खरवडल्याचे, असं तिने सांगितलं. बॉक्सर बंड मोडायला आलेल्या त्या आठ राष्ट्रांच्या फौजेत इंग्रजांचे म्हणून आलेले आपले राजपूत आणि शीख शिपाईही होते. मी हे आईला मराठीत सांगितलं, गाईडला इंग्रजीत नाही सांगितलं.

बहुतेक लोक मधल्या रेषेने सरळ उत्तरेला निघून जातात. आम्ही उजवीकडे, पूर्वेला वळलो. तिथे खजिन्याचं दालन आहे, त्याचं तिकीट वेगळं, 10 युआन. दाराजवळ नऊ ड्रॅगनची रंगीत कौलांची भिंत. पूर्वेकडून तिसरा पांढरा ड्रॅगन बघा. त्याच्या पोटाचा तुकडा लाकडाचा आहे. कारागिराकडून कौल फुटलं, जीव वाचवायला त्याने रातोरात लाकूड कोरून रंगवून बसवलं, अशी गोष्ट सांगतात. आई म्हणाली, "बघा, आमची भिंत झाली." हे वाक्य मी दादाला सांगितलंय. त्याला विनोद कळला नाही.

त्या भागाच्या उत्तर टोकाला एक विहीर आहे. झेन नावाच्या राणीची. ग्वांगश्यू बादशहाची ती लाडकी. खरी सत्ता बादशहाकडे नव्हती, म्हातारी त्सिशी राज्य चालवायची. ती त्याची सख्खी मावशी, आणि दत्तक घेतलेली आई. 1900 मध्ये परदेशी फौजा शहरात शिरत असताना दरबार शिआनकडे पळायला निघाला. बादशहाने इथेच थांबावं असं झेन म्हणाली म्हणतात. त्सिशीच्या हुकमावरून तिला या विहिरीत ढकललं.

मी भाषांतर करत होते. बादशहा, राणी, राजमाता. आईने मला मध्येच थांबवलं. "म्हणजे सासूनं सुनेला आडात ढकललं."

तिने आड हाच शब्द वापरला, आणि बरोबर वापरला. तोंड एवढंसं, वर दगडी कडं. आई तिथल्या पायरीवर बसली. मला वाटलं गुडघे. मग तिने जे सांगितलं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. तिची थोरली बहीण अक्का, अक्कलकोटच्या पुढे दिलेली, पाणी शेंदताना पाय घसरून आडात पडून गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं. आई तेव्हा बारा वर्षांची, वडिलांबरोबर ती त्या गावाला गेली होती. "काठावर कळशी भरलेली होती," ती म्हणाली. "भरून खाली ठेवलेली. मग परत कशाला वाकली असेल ती?"

गाईडने विचारलं, काय म्हणतायत? आईने मान हलवली, सांग म्हणून. मी सांगितलं. पोरीने काही बोलायच्या आधी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून आईच्या हातात दिली. मग विचारलं, अक्का किती वर्षांची होती? एकोणीस. तिने थोडा वेळ विहिरीकडे पाहिलं आणि म्हणाली, ही चोवीसची. मग ती पण खाली बसली.

तासाभरात किमान दहा ग्रुप येऊन गेले. झेंडा, लाऊडस्पीकर, चार मिनिटं, फोटो, चला. आमच्या पोरीने दोनदा घड्याळ बघितलं, ते तिचं कामच होतं. मुतिआनयू सत्तर किलोमीटर, दीड तास तरी लागतो, रोपवे संध्याकाळी बंद होतो. मी आईला विचारलं, भिंत? ती म्हणाली, "भिंतीचं काय, ती कुठं पळतीये?" आम्ही सोबत आणलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली. गाईडने चटणी तीनदा घेतली.

मग तिघी उत्तरेच्या दाराने बाहेर पडलो, खंदकाच्या काठी कोपऱ्यातल्या बुरुजाची ती अवघड छपरं बघत बसलो आणि चारला हॉटेलवर. गाडीचे पैसे अर्थात परत मिळाले नाहीत. दादाच्या हिशेबात ते 'पाण्यात गेले'. आडाचं त्याला आम्ही सांगितलेलं नाही. इथे लिहितेय, कारण असली उत्तरं तो वाचत नाही.

तेव्हा 'वसूल' म्हणजे काय ते आधी ठरवा. खासगी गाईड जास्त ठिकाणं दाखवते म्हणून घ्यायची नसते. त्यासाठी दादाची बस आहे, स्वस्तही आहे. आई-बाबांना जिथे बसावंसं वाटेल तिथे बसता यावं, एवढ्यासाठीच ते पैसे द्यायचे. एक दिवस राजवाडा, तोही अर्धाच. भिंतीला वेगळा दिवस. टेंपल ऑफ हेवन तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर, तिथल्या बागेत म्हातारी माणसं पत्ते खेळतात, बाबांना देवळापेक्षा तेच आवडेल. भिंत बघायचीच तर मुतिआनयूला जा, वर रोपवेने जाता येतं. आणि नाही बघितली तरी कुणी तुम्हाला फासावर देत नाही, फक्त लग्नात हसतात.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. राजवाडा सोमवारी बंद असतो, सणासुदीचा अपवाद सोडून. तिकीट आधी ऑनलाइन, पासपोर्ट नंबर घालूनच, आणि साधारण सात दिवस आधी खिडकी उघडते. एप्रिल ते ऑक्टोबर 60 युआन, थंडीत 40. तारीख पक्की झाली की हे काम गाईडच्या गळ्यात घाला. पासपोर्ट हॉटेलवर विसरू नका. गूगल तिथे चालत नाही, आणि फोनवर अलीपे, म्हणजे पैसे द्यायचं ॲप, घेऊन ठेवा. गाईडकडे परवान्याचं कार्ड आहे ना ते विचारा. माझे आकडे 2019 चे आहेत, आता गाईड महाग झाल्या असतील.

आणि दुकानं. जेड, रेशीम, मोती, चहा. जबरदस्तीने दुकानात नेण्याविरुद्ध तिथे 2013 पासून कायदा आहे, तरी ठरवतानाच 'एकही दुकान नको' असं लेखी घ्या. आमची पोरगी एवढी गुणाची, तीही परतीच्या वाटेवर हळूच म्हणालीच, जवळच माझ्या ओळखीचं चहाचं दुकान आहे. मी नाही म्हणणार होते. आईने जाऊन 300 युआनचा मोगऱ्याचा चहा घेतला. तो डबा अजून फडताळात आहे, कुणालाच आवडला नाही.

हो, कडक भाकरी चौकातल्या तपासणीतून जाते. लायटर आणि काडेपेटी जात नाही.