गिअरबॉक्स उघडायच्या आधी

प्रश्न : माझ्या ऑटोमॅटिक पिकअपचे २,१०,००० किलोमीटर झालेत. ताशी ६५-७५च्या वेगात, पाय हलका ठेवून चालवताना ती दोन-तीन सेकंद थरथरते, जणू रस्त्यावरच्या आडव्या पट्ट्यांवरून चालली आहे. अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की थांबते. गिअरबॉक्सचं ऑइल आजवर बदललेलं नाही. एक मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स उघडावाच लागेल. दुसरा म्हणतो, जुन्या ऑइलला हात लावू नका, नंतर गिअरच पडणार नाहीत. कोणाचं ऐकू?

उत्तर : सध्या दोघांचंही नको.

माझा पहिला संशय टॉर्क कन्व्हर्टरमधल्या लॉक-अप क्लचवर आहे. टॉर्क कन्व्हर्टर इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देतो, आणि हा क्लच लागला की दोघं थेट जोडले जातात. एकसारख्या वेगात इंधन वाचावं म्हणून कॉम्प्युटर हा क्लच लावतो. पुष्कळ गाड्यांत तो पुरता न लावता किंचित घसरता ठेवतात आणि ते घसरणं गुळगुळीत राहावं यासाठी ऑइलमध्ये खास रसायनं असतात. ऑइल वर्षानुवर्षं तापलं किंवा त्यात ओलावा शिरला की त्यांचा गुण जातो. मग क्लच पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो. हीच तुमची थरथर. जोरात पाय दिल्यावर कॉम्प्युटर क्लच सोडतो, म्हणून ती थांबते. जनरल मोटर्सच्या ८ गिअरच्या काही गिअरबॉक्समध्ये हाच त्रास निघाला होता. तिथे मूळ ऑइल ओलावा धरत होतं आणि कंपनीने वेगळं ऑइल भरायला सांगितलं.

पण संशय म्हणजे निदान नव्हे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर, मागे कोणी नसताना एवढं करा : थरथर चालू असताना उजवा पाय तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, मागचे दिवे लागतील इतपतच. ब्रेकचा स्विच दबला की लॉक-अप सुटतो, आरपीएमचा काटा जरा वर जातो. थरथर त्याच क्षणी गेली तर चोर सापडला. काही नव्या गाड्या दोन्ही पेडल एकदम दाबले की इंजिनची ताकदच कापतात. तिथे ही युक्ती फसते. मग स्कॅनर लावून लॉक-अप असतानाची घसर किती आरपीएमने खालीवर होते ते पाहायला सांगा. त्याच बैठकीत मिसफायरची (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याची) मोजणीही पाहून घ्या, कारण थकलेला प्लग किंवा कॉइलही हलक्या पायावर असाच भास देते. आणि गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळतानाही कंप येत असेल, तर चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टचे क्रॉस (सांधे) आणि टायर तपासा. गिअरबॉक्सला उगाच दोष नको.

आता ऑइलच्या भीतीबद्दल. लोक ऑइल बदलायला कधी जातात? गिअर घसरायला लागल्यावर. तोवर क्लचच्या प्लेटा संपलेल्या असतात आणि खापर नव्या ऑइलवर फुटतं. तुमचे गिअर व्यवस्थित पडत असतील तर बदलाच. फक्त दाबाने धुणाऱ्या मशीनच्या वाटेला मी जाणार नाही. पॅन उतरवा, फिल्टर बदला, आणि पॅनमधलं चुंबक स्वतः बघा. मऊ, राखाडी गाळ चालतो. चकाकणारे कपचे निघाले किंवा ऑइल काळं आणि जळकट वासाचं असेल तर तिथेच थांबा. त्या गिअरबॉक्सवर ऑइलचे पैसे घालू नका.

पॅनमधून साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं ऑइलच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून मध्ये काहीशे किलोमीटर चालवून दोन-तीनदा बदला. ऑइल हँडबुकात लिहिलेल्या जातीचंच हवं. डेक्स्रॉन सहा, मर्कॉन एलव्ही, एटीएफ प्लस फोर ही एकमेकांची जागा घेत नाहीत, आणि ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असा डबा या दुखण्यावर तर नकोच. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) नसलेल्या गिअरबॉक्सला आधी भरायचा बोल्ट सुटतोय का ते पाहा, मगच निचऱ्याचा काढा. नाहीतर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल. लेव्हल कंपनीने दिलेल्या तापमानाला आणि इंजिन चालू ठेवून बघतात. थंड गाडीवर पाहून ‘पुरे’ म्हणणाऱ्याला थांबवा.

पहिल्या बदलानंतर थरथर लगेच जाईलच असं नाही. शेवटच्या बदलानंतर काहीशे किलोमीटरनीही ती तशीच असेल किंवा स्कॅनरवर पी०७४१ हा लॉक-अप क्लचच्या बिघाडाचा कोड येत असेल, तर क्लचचं अस्तर गुळगुळीत होऊन बसलं असण्याची शक्यता मोठी. तेव्हा कन्व्हर्टर बदलावा लागेल, आणि सोबत ऑइल कूलर धुवून घ्यायला विसरू नका.