चार वेळा उलटलेली गाय आणि तुमची शेवटची ओळ

यवतजवळच्या तुमच्या गोठ्यातली एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाय चार वेळा भरवली, म्हणजे कृत्रिम रेतन करवलं, आणि चारही वेळा उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही. दर वेळी भरवल्याच्या दुसऱ्या दिवशी शेपटीला रक्त दिसलं, म्हणजे गर्भ पडला असं सगळ्यांनी धरलं, आणि आता वडील तिला वांझ ठरवून बाजारात काढायला निघालेत, असं तुम्ही लिहिलंय. अगदी शेवटी एक ओळ आहे. लग्नाला तीन वर्षं झाली आणि हाच शब्द आता घरात तुमच्या पत्नीसाठीही ऐकू येतो. मी उरुळी कांचन, यवत, केडगाव या पट्ट्यात २८ वर्षं कृत्रिम रेतनाचं काम केलं, आता हडपसरला मुलाकडे असतो. गाईचं मी अधिकाराने सांगू शकतो. माणसांचं निदान डॉक्टरच करतील, पण ती ओळ वाचून गप्प बसणं मला जमणार नाही.

आधी गाय. तुम्ही तारखा दिल्यात हे फार बरं केलंत: ४ जून, २५ जून, १५ जुलै, २६ ऑगस्ट. गाईचं माजाचं चक्र सरासरी २१ दिवसांचं, १८ ते २४ पर्यंत चालतं. तुमच्या गाईचं पहिलं अंतर २१, दुसरं २०. तिसरं ४२, म्हणजे बरोबर दोन चक्रं. ५ ऑगस्टच्या आगेमागे ती बहुतेक माजावर आली होती आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्या गाईचा माज इतका नेमाने येतो तिचं अंडाशय काम करतंय. तिला वांझ म्हणायला मी तयार नाही.

आता ते रक्त. गाईला पाळी येत नाही, आणि हे रक्त गर्भ पडल्याचंही नाही. माज ओसरला की शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरतं, गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातून थोडं रक्त झिरपतं आणि माज संपल्यावर साधारण एक ते तीन दिवसांत शेपटीला दिसतं. अनेक गाभण राहिलेल्या गाईंनाही ते दिसतं. पण तुमच्या बाबतीत ते एक गोष्ट सांगून जातं. तुम्ही लिहिलंय की पहाटे धारेच्या वेळी गाय हंबरताना दिसते, फोन जातो आणि डॉक्टर दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला येतात. पहाटे पाचपासून दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत तीस तास झाले. माज टिकतो १२ ते १८ तास. तो संपल्यावर दहा-बारा तासांत अंडं सुटतं आणि पुढे जेमतेम आठ-दहा तास जिवंत राहतं. शुक्राणूंनाही आत गेल्यावर अंड्यात शिरण्याजोगं व्हायला काही तास लागतात. तुमच्या गाईत ते पोचतात तेव्हा वेळ टळून गेलेली असते.

म्हणून जुना नियम पाळा: पहाटे माज दिसला तर त्याच संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला बाएफ ही संस्था उभी केली, तेव्हापासून आपल्या भागात रेतन गोठ्याच्या दारात येतंय. पण माज कधी लागला हे दारात येणाऱ्याला कळत नाही, ते गोठ्यातल्या माणसालाच कळतं.

हे मला एका आजींनी शिकवलं. नोकरीची पहिली-दुसरी वर्षं असतील. त्यांच्याकडे दोनच गाई, आणि गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा, प्रत्येक गाईची वेगळी ओळ. पहाटे त्या गाईचा सोट, म्हणजे माजात मागून गळणारा चिकट स्राव, दोन बोटांत धरून हळूच ताणायच्या. तार काचेसारखी स्वच्छ, वीतभर ताणली तरी न तुटणारी असली की मला निरोप यायचा. पांढुरका किंवा पुवासारखा असला तर म्हणायच्या, "आज भरू नको, आधी औषध दे." त्यांच्या गाई उलटल्याचं मला क्वचितच आठवतं. तुमच्याकडे गाय दावणीला बांधलेली असते, दुसऱ्या गाईवर चढणं दिसायची सोयच नाही, तेव्हा सोट बघणं हाच आधार. ती बसलेली असताना मागची जमीन बघा. पहाटे, दुपारी आणि रात्री झोपण्याआधी, प्रत्येक वेळी वीस मिनिटं तरी.

येणारा माणूस कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी, कशी वितळवतो तेही शेजारी उभं राहून बघा. उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमधून काढलेली कांडी ३५ ते ३७ अंशांच्या पाण्यात तीस सेकंद ठेवायची असते. अंदाजाने कोमट पाणी किंवा खिशातली ऊब चालत नाही. मी स्वतः सुरुवातीला थर्मामीटर न वापरता काम केलंय. त्या काळात उलटलेल्या गाईंचा दोष त्या गाईंवरच गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम चालू ठेवा. हे सगळं पाळूनही उलटली तर पशुवैद्यकाकडून गर्भाशय तपासून घ्या.

शेजारच्या गाईने सातव्या महिन्यात गाभ टाकल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंय. ते जाता जाता सोडायचं नाही. उशिरा गाभ टाकण्यामागे ब्रुसेला हा जंतूंचा आजार असू शकतो आणि तो माणसालाही होतो. पुन्हा पुन्हा येणारा ताप, सांधेदुखी, पुरुषांत वृषणाला सूज. वार (गर्भासोबत बाहेर पडणारी झार) किंवा पडलेला गाभ उघड्या हाताने कुणीही उचलू नये, दूध उकळूनच प्यावं. तुमच्या पत्नीला मूल हवंय, त्यांना त्या कामापासून लांबच ठेवा. तुमच्या गाईचीही तपासणी करून घ्या. पुढे कालवडी झाल्या तर चार ते आठ महिन्यांच्या असताना त्यांना लस द्या.

आता तुमची ओळ. रेतकेंद्रावर वळूच्या प्रत्येक वेळच्या वीर्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली जातो. गोठवून पुन्हा वितळवतात, आणि पुरेसे शुक्राणू पोहताना दिसले नाहीत तर ती खेप टाकून देतात. तपासल्याशिवाय एकही कांडी बाहेर पडत नाही. आणि घरात मूल नाही म्हटलं की तीन वर्षं फक्त बाईला विचारलं जातं. मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडेही कारण सापडतं, कधी एकट्या त्याच्याकडे, कधी दोघांकडे. तुम्ही दवाखान्यांची यादी दिलीत, पत्नीच्या सोनोग्राफ्या लिहिल्यात. तुमच्या स्वतःच्या वीर्यतपासणीचा त्यात उल्लेख नाही. साधी तपासणी आहे, त्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, एवढंच. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून पावसाळ्यात डेंग्यूसारखा ताप येऊन गेला असेल तर अहवाल वाईट येऊ शकतो. तसं झालं तर घाबरू नका, तीन महिन्यांनी पुन्हा करा.

वेळेचं गणित माणसात वेगळं आहे. बाईचा माज बाहेरून दिसत नाही. अंडं पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं आणि फार तर एक दिवस जगतं. पण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकतात, म्हणून अंडं सुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस महत्त्वाचे. त्या दिवसांत बाईलाही तसाच स्वच्छ, तार धरणारा स्राव येतो, आजी बोटांत ताणून बघायच्या तसाच. पत्नीशी हे मोकळेपणाने बोला. या बोलण्यात लाजण्यासारखं काही नाही.

२६ ऑगस्टला गाय गाभण राहिली नसेल तर तिचा पुढचा माज १६ सप्टेंबरच्या आसपास येईल, १३ तारखेपासून पाळत ठेवा. तोवर वडिलांना तिला बाजारात नेऊ देऊ नका. आणि पत्नीला सांगितलेली पुढची तपासणी या आठवड्यात थांबवा, आधी तुमची स्वतःची करून या.