ओसीडीवर मोबाईलचा खेळ चालेल का?

"मॅडम, माझी स्मरणशक्तीच गेलीय. मेंदूच्या व्यायामाचं ॲप घेतलंय, आता गोळ्या बंद केल्या तर चालेल?"

वय 28, निदान ओसीडीचं, म्हणजे मंत्रचळाचं. गॅसचं बटण पंधरा-वीस वेळा तपासून निघायची, तरी जिन्यातून परत फिरायची.

स्मरणशक्ती शाबूत होती, उडाला होता तो तिच्यावरचा भरवसा. 2003 मध्ये व्हॅन डेन हौट आणि किंड्ट या डच संशोधकांनी निरोगी माणसांना संगणकाच्या पडद्यावरचा गॅस पुन्हा पुन्हा तपासायला लावला. शेवटच्या खेपेला काय पाहिलं ते त्यांना सांगता आलं, पण आठवण पुसट झाली आणि खात्री वाटेनाशी झाली. शंका तपासण्यानेच वाढते! त्यामुळे पाठांतराचे खेळ इथे फारसे कामाचे नाहीत. त्यातल्या त्यात उपयोगी ते हात आवरायला लावणारे: हिरवा ठिपका आला की दाबायचं, लाल आला की थांबायचं.

पण खेळात हात थांबला म्हणून गॅसपाशी थांबतोच असं नाही. म्हणून आठवड्यातून पाच दिवस 20 मिनिटं खेळ, आणि लगेच खरा सराव: बटण एकदा बंद, एकदा नजर, बाहेर. मग अस्वस्थता 0 ते 100 मध्ये किती, ते निघताना आणि अर्ध्या तासाने लिहायचं. मुख्य उपचार हा सराव आणि गोळ्या, खेळ जोडीला.

दुसऱ्याच आठवड्यात खेळ दीड तासावर गेला. एक चूक झाली की लेव्हल पहिल्यापासून, वर गुणांचे स्क्रीनशॉट. मंत्रचळाने नवं घर शोधलं होतं. मग गुण दिसतात तिथे कागदाची पट्टी चिकटवली, गजर वाजला की लेव्हल अर्धवट सोडायची आणि रोज एक चूक मुद्दाम करायची. ही चूक तिला गॅसपेक्षा जड गेली. जिन्यात घाबरल्यावर ती खेळ उघडायची, तेही बंद केलं. लक्ष दुसरीकडे वळवलं तर भीती सोसता येते हे मेंदू शिकणार कसा?

वाय-बॉक्स ही मंत्रचळाची तीव्रता मोजणारी दहा प्रश्नांची, 40 गुणांची मोजपट्टी; गुण कमी, तितका त्रास कमी. 12 आठवड्यांत गुण 26 वरून 16 वर आले. त्यात खेळाचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही.

गोळ्या चालूच आहेत. बरं वाटल्यावरही साधारण वर्षभर तरी त्या घ्याव्या लागतात, आणि पुढे कमी करायच्या तर मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने, हळूहळू.