डागाळलेल्या भिंती कमी पैशांत रंगवायच्या असतील तर

भाड्याचं वन बीएचके, स्वयंपाकघराच्या भिंतीवर तेलकट थर, बेडरूमच्या कोपऱ्यात पिवळट-तपकिरी ओघळ, पलंगामागे डोक्याच्या तेलाचे डाग, आणि चार-पाच हजारांत हे सगळं स्वतः रंगवून होईल का, असं तुम्ही विचारलंय. होईल. फक्त रंगाच्या डब्यावर हात आखडता घ्या आणि तयारीवर सढळ ठेवा. साधं इमल्शनही, म्हणजे पाण्यात पातळ करायचा भिंतीचा रंग, स्वच्छ, कोरड्या भिंतीवर चांगला बसतो.

आधी तो ओघळ बघा, कारण बाकी सगळं त्यावर ठरेल. जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा डागावर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस तसाच राहू द्या. प्लास्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतूनच येतेय. मग वरच्या मजल्याचं बाथरूम, गच्ची किंवा बाहेरची पाइप यातलं काय गळतंय ते घरमालकाकडून दुरुस्त करून घ्या आणि तोवर त्या भिंतीला हात लावू नका. ओल कोंडून वर रंग दिला की पोपडे येतातच. म्हणूनच हे काम पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात काढावं. भिंतीवर पांढरी पावडर फुटली असेल तर ती कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतली तर खार पुन्हा भिंतीत मुरतो.

ओल थांबली, भिंत वाळली, तरी डाग राहतो. इथे बहुतेकांचे पैसे वाया जातात. वॉटर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पाण्यातला अस्तराचा थर, मारून रंगाचे दोन हात दिले तरी तो पिवळेपणा वर येतो, कारण डाग पाण्यात विरघळतो आणि ओल्या रंगातून वर चढतो. डागावर आणि त्याच्याभोवती वीतभर ऑइल प्रायमर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून मारा. रात्रभर वाळू द्या, पॉलिश पेपरने हलकं घासा, मग पुढचं काम. भिंत पूर्ण वाळलेली नसेल तर मात्र हाच प्रायमर फुगून सुटेल. लहान डबा पुरतो. अख्ख्या खोलीला नको. त्याला वास फार येतो आणि तो पेट घेतो, म्हणून खिडक्या उघड्या, गॅस बंद, आणि त्या रात्री झोप दुसऱ्या खोलीत.

स्वयंपाकघराची आणि पलंगामागची भिंत कोमट पाण्यात धुण्याचा सोडा आणि थोडी साबण पावडर घालून धुवा, हातमोजे घालून. खालून वर पुसत जा, म्हणजे मळकट ओघळांचे पट्टे पडत नाहीत. मग साध्या पाण्याने दोनदा पुसा. सोडा राहिला तर रंग धरत नाही. तेलाचा डाग तरीही दिसत असेल तर तिथेही ऑइल प्रायमरचा एक हात. काळी बुरशी असेल तर पातळ केलेलं ब्लीच लावून पुसा. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

भिंतीवर तळहात फिरवून बघा. हाताला पांढरं लागलं तर जुना चुना किंवा डिस्टेंपर सुटतोय, तो पत्र्याने खरवडावाच लागेल. इमारत जुनी असेल आणि भिंतीवर जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका. रंगातल्या शिशावरची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांना फार घातक. पाणी मारून घासा, मास्क लावा, मुलांना त्या दिवशी नातेवाइकांकडे पाठवा.

पुटी फक्त खड्ड्यांना आणि भेगांना. व्हाइट सिमेंटची असेल तर आधी भिंत हलकी ओली करा आणि लागेल तेवढीच कालवा, दोन-तीन तासांत ती आवळते. वाळली की घासून तिथे वॉटर प्रायमर.

दहा बाय बाराच्या खोलीला दारं-खिडक्या वजा जाता साधारण साडेतीनशे चौरस फूट भिंत येते. दोन हातांना चार लिटर इमल्शन धरा. सगळी घरभर भिंत रंगवायची गरज नाही. डागाळलेलीच भिंत घ्या, पण या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण. मधेच ठिगळ मारलं तर छटा तीच असूनही उजेडात उठून दिसतं. छताला हात लावायचाच नसेल तर कडेला मास्किंग टेप लावा, आणि रंग थोडा ओला असतानाच टेप काढा.

शेडचा नंबर बिलावर लिहून घ्या आणि पाव लिटर रंग बाटलीत भरून ठेवा. घर सोडताना खिळ्यांची भोकं बुजवायला तोच लागेल.