स्त्री जोडीदार असलेल्या स्त्रियांच्या लैंगिक आरोग्यावरील संशोधनात मी भाग घ्यावा का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. गोव्यातील डिचोली भागात राहणाऱ्या आणि स्त्री जोडीदार असलेल्या तुमच्यासारखीने अशा संशोधनात भाग घ्यावा का, घरी कळण्याचा धोका किती, आणि पुरुषाशी संबंधच नसताना आपल्याला हे आजार होतात तरी का? मी फोंड्याची आहे, माझी जोडीदार स्त्री आहे आणि अशा एका अभ्यासात मी स्वतः भाग घेतलेला आहे. माझे मत असे की अवश्य भाग घ्या. मात्र माहितीपत्रक संपूर्ण वाचून झाल्याशिवाय आणि गोपनीयतेविषयीच्या तुमच्या प्रश्नांना नेमकी उत्तरे मिळाल्याशिवाय संमतिपत्रावर सही करू नका.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे सारे त्यावर अवलंबून आहे. आजार होतात. एचपीव्ही हा विषाणू त्वचेला त्वचा लागल्याने पसरतो, त्यामुळे तो एका स्त्रीकडून दुसरीला होऊ शकतो, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारे 70 टक्के प्रकरणांमागे याच विषाणूचे 16 आणि 18 हे दोन प्रकार असतात. जननेंद्रियांवरील नागीण (हर्पीस), सिफिलिस आणि ट्रायकोमोनास या परजीवीचा संसर्ग हेही एका स्त्रीकडून दुसरीला होऊ शकतात. लैंगिक साधने न धुता आलटून पालटून वापरली तर धोका वाढतो. योनीतील उपयुक्त जिवाणूंचे संतुलन बिघडून दुर्गंधीयुक्त स्राव होतो, त्याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. परदेशांतील अभ्यासांत तो स्त्रियांच्या जोडप्यांमध्ये अधिक प्रमाणात आणि पुष्कळदा दोघींनाही एकाच वेळी असल्याचे आढळले आहे.

हे आपल्याला कोणी सांगत का नाही, याचे उत्तर स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत मिळते. केसपेपर पुढे केला की डॉक्टरांचा पहिला प्रश्न येतो, 'लग्न झालंय का?' विचारायचे असते ते पुरुषाशी संबंध आला आहे का हे. आपण 'नाही' म्हटले की आतून तपासणी होत नाही, गर्भाशयमुखाच्या चाचणीचा विषयही निघत नाही, आणि स्रावाची तक्रार गोळ्या लिहून देऊन मिटवली जाते. 'हो' म्हटले तर नवऱ्यालाही औषध घ्यायला सांगा, असा सल्ला मिळतो. दोन्ही उत्तरांत आपण कुठेच नसतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातही पुरुषांशी संबंध असलेले पुरुष, तृतीयपंथी, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि सुईने नशा करणारे यांच्यासाठी वेगळे उपक्रम आहेत, आपल्यासाठी नाहीत. स्त्रीकडून स्त्रीला एचआयव्ही होणे फार दुर्मीळ असल्यामुळे हे समजण्यासारखे आहे, परंतु एचआयव्हीचा धोका कमी म्हणून बाकीच्या आजारांचीही चौकशी होऊ नये, हे मला मान्य नाही.

विचारले की कळते, याचे उदाहरण गोव्यातच आहे. उत्तर गोव्यात 2001 ते 2003 या काळात सुमारे अडीच हजार स्त्रियांनी प्रजनन मार्गाच्या संसर्गांवरील एका अभ्यासात भाग घेतला. जवळपास 28 टक्के स्त्रियांत संसर्ग आढळला, पण त्यातला बहुतांश व्हजायनोसिस आणि बुरशीचा होता. संबंधांतून पसरणारे आजार 4 टक्क्यांच्या आसपासच होते. स्राव म्हणजे बाहेरख्यालीपणा असा संशय घेणाऱ्या घरांना हे आकडे दाखवता येतात, आणि ते हाती आले कारण त्या बायकांनी प्रश्नांना उत्तरे दिली व नमुने दिले.

आता गोपनीयता. आपले राज्य सुमारे पंधरा लाख लोकांचे, त्यामुळे इथे नुसते नाव गाळून भागत नाही. 'सत्तरी तालुका, वय 34, शिक्षिका, अविवाहित' एवढे छापून आले तरी तिथल्या वाळपईच्या बाजारात कोणीतरी ओळखेलच. म्हणून अहवालात तालुका, वय आणि व्यवसाय एकत्र देणार का, हे आधी विचारा. मुलाखत ध्वनिमुद्रित होणार असेल तर मुद्रण कोण ऐकणार आणि केव्हा पुसणार, हेही विचारा. बोलण्यावरूनही माणूस ओळखू येतो; पेडणे तालुक्याची बोली दोन वाक्यांत कळते. सहीचे संमतिपत्र आणि तुमची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी असली पाहिजेत व उत्तरांवर केवळ सांकेतिक क्रमांक हवा. सहभागींचा व्हॉट्सअॅप गट केला जाणार असेल तर त्यात जाऊ नका, कारण तिथे प्रत्येकीचा नंबर प्रत्येकीला दिसतो. निकाल सांगण्यासाठी फोन येईल तेव्हा तो दुसऱ्या कोणी उचलला तर काय बोलायचे, हे माझ्या अभ्यासात आधीच ठरवून घेतले होते आणि त्याने मला फार धीर आला.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा अभ्यासाला नैतिकता समितीची मान्यता लागते आणि माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यावे लागते. मराठीत हवे असेल तर संकोच न करता मागा. त्यावर मुख्य संशोधकाचा आणि समितीचा संपर्क नसेल तर तिथेच थांबा. कोणत्याही टप्प्यावर कारण न देता बाहेर पडण्याचा तुम्हाला हक्क आहे. एचआयव्ही चाचणीसाठी 2017 च्या स्वतंत्र कायद्यानुसार तुमची संमती आवश्यक असते. प्रौढ व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालापासून गुन्हा राहिलेले नाहीत, तेव्हा त्या बाजूने भीती नको. मात्र अठरा वर्षांच्या आतील अनुभवांविषयी बोलण्यापूर्वी गोपनीयतेची मर्यादा विचारून घ्या. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी माहिती मिळालेल्या व्यक्तीला ती पोलिसांना कळवणे बंधनकारक ठरू शकते.

प्रत्यक्षात काय होते, तर प्रश्नावली असते आणि बहुधा स्वॅब. माझ्या वेळी परिचारिकेने टोकाला कापूस असलेली काडी व झाकणाची नळी हातात दिली, चित्र दाखवले आणि ती पडद्याबाहेर थांबली. नमुना मी स्वतःच घेतला, दुखले नाही. पूर्वी पुरुषांशी संबंध आला होता का, असा प्रश्न येईल. अनेकजणींना तो टोमणा वाटतो, पण जुना संसर्ग कुठून आला हे ठरवायला तो लागतोच. तुमची जोडीदारही सहभागी होणार असेल तर तिची संमती, तिची मुलाखत आणि तिचे निकाल वेगळे असले पाहिजेत, आणि तिची इच्छा नसेल तर तुम्ही एकटीने जायला हरकत नाही.

अभ्यासात तुमची निवड झाली नाही आणि तुमचे वय तिशीच्या पुढे असेल, तर गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा जिल्हा इस्पितळात जाऊन गर्भाशयमुखाची तपासणी स्वतः मागा. लग्नाचा प्रश्न आला तर 'माझे शरीरसंबंध आलेले आहेत, तपासणी करा' एवढेच सांगा. कोणाशी, हे सांगायचे की नाही ते समोरचे डॉक्टर पाहून तुम्ही ठरवा.